हरभऱ्याच्या शेतातला गिटारचा ॲम्प्लिफायर

मित्रांनो, मी ज्या खोक्यातून घरी आलो त्या खोक्यात एकूण सहा वस्तू होत्या. एक मी. एक चार्जिंगची वायर. गिटारला जोडायची दीड मीटरची एक काळी वायर. खांद्याला अडकवायचा एक पट्टा. ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांची एक पुडी. आणि एक माहितीपुस्तिका. तिच्यात अकरा भाषा होत्या, मराठी नव्हती. सुचितानं या सहाही वस्तू खाटेवर ओळीनं मांडल्या, खोक्यावरच्या यादीशी ताडून पाहिल्या आणि मगच माझ्याकडे नीट बघितलं.

मी गिटारचा एक छोटा ॲम्प्लिफायर आहे. तारेचा बारीक आवाज वायरमधून माझ्या पोटात येतो आणि मोठा होऊन जाळीतून बाहेर पडतो. एवढंच माझं काम. माझ्या माथ्यावर तीन गोल बटणं आहेत, पाठीला मेमरी कार्डाची एक फट आहे आणि एका कुशीला पोचा आहे. पोच्याची गोष्ट साधी आहे. शेलूबाजारला जीपमधून उतरताना मी एकदा पडलो होतो.

सुचितानं मला सहज उचललं नव्हतं. वाशिमला भौतिकशास्त्रात बीएस्सी करून ती एका संस्थेत लागली होती. ही संस्था गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवायची. आवाजाचा धडा सुचिता गिटारवर शिकवायची. होस्टेलवर शिकलेली गिटार तिच्याकडे होतीच, पण साठ मुलांच्या वर्गात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. म्हणून तिनं वहीत चार अटी लिहिल्या. वजन दीड किलोच्या आत हवं, कारण एका खांद्यावर गिटार असते आणि एसटीत जागा मिळेलच असं नाही. विजेशिवाय पाच तास चालायला हवं, कारण शाळेच्या बोर्डाला वीज असतेच असं नाही. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज व्हायला हवं. आणि टिपून ठेवलेले आवाज ऐकवता यावेत म्हणून मेमरी कार्ड लागायला हवं.

अकोल्याच्या दुकानात ती स्वतःची गिटार घेऊन आली. चार ॲम्प्लिफायर ओळीनं ठेवले होते. तिनं दुकानदाराला वीस पावलांवर पाठ करून उभं केलं आणि प्रत्येकावर एकच सूर वाजवून कोणता स्वच्छ ऐकू येतो ते विचारलं. एक फार दणदणीत होता, पण त्याचं वजन चार किलो. एक माझ्याहून हलका होता, पण जाड तार छेडली की त्याचा आवाज फाटत होता. मी मधला निघालो. एवढी चौकशी लोक सोयरीक जमवतानाही करत नाहीत, असं दुकानदार पैसे घेताना म्हणाला.

सुचिताचं घर रिसोडपासून तीन किलोमीटरवर, मळ्यातच आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर आणि हिवाळ्यात घाट्यांसाठी, म्हणजे ओल्या हिरव्या हरभऱ्यासाठी, एक एकर हरभरा. वडील शालिकराम, आई आवडाबाई आणि भाऊ गोपाल हे तिघं मळा पाहायचे. मी खाटेवर बसलेला असताना शालिकरामनं मला उचललं आणि थेट भाजीच्या काट्यावर ठेवलं. काटा म्हणाला, एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. पुस्तिकेत एक किलो दोनशे लिहिलं होतं.

"चाळीस ग्रॅम जास्तच देल्लं बा त्यानं," शालिकराम म्हणाला. "चांगला मानूस दिसते."

माझी पहिली दोन वर्षं फार चांगली गेली. केनवडच्या शाळेत सुचितानं मला आडवं निजवलं, जाळीवर कागद पसरला आणि कागदावर मुगाचे दाणे टाकले. मग तिनं गिटारची सर्वांत जाड तार छेडली. दाणे उड्या मारू लागले. पातळ तार छेडली तेव्हा ते नुसते थरथरले. आवाज म्हणजे हवेची ये-जा असते, हे त्या मुलांना त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. एका मुलीनं माझ्या जाळीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मित्रांनो, तो हात मला अजून आठवतो.

त्या काळात माझी काळजीही घेतली जायची. घरी आल्यावर सुचिता मऊ फडक्यानं धूळ पुसायची, किती तास वाजलो ते लिहायची आणि बॅटरी पुरती रिकामी होण्याआधी मला चार्जिंगला लावायची. माझी वही वेगळी होती.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर शालिकरामच्या छातीत दुखलं. वाशिमच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि तीन गोष्टी बंद केल्या. थंडीत बाहेर जाणं, ओझं उचलणं आणि ओरडणं. पहिल्या दोन गोष्टींना शालिकरामनं मान डोलावली. तिसरी ऐकून त्यानं आवडाबाईकडे पाहिलं.

त्याचं कारण सांगतो. आमच्या भागात रोही, म्हणजे नीलगायी, फार. घोड्याएवढं जनावर, पण हरभऱ्यात शिरलं की निवांत गायीसारखं चरतं. सात रोह्यांचा एक कळप आमच्या बाजूला होता. पीक राखायला माणसं रात्री जागलीला जातात, माळ्यावर, म्हणजे शेतातल्या उंच मचाणावर बसतात आणि थोड्या थोड्या वेळानं आरोळी ठोकतात. प्रत्येकाची आरोळी वेगळी. एकानं ठोकली की शेजारच्या शेतातला जागलकरी "ओ" देतो. त्यावरून कोण जागा आहे ते कळतं आणि रोह्यांनाही कळतं. शालिकरामची आरोळी तीस वर्षं त्या शिवारात होती. शेजारी गोविंदसिंग तिला तीस वर्षं "ओ" देत आला होता.

आता माळ्यावर जायचं कोणी? गोपालला पहाटे चारला भाजी घेऊन रिसोडच्या बाजारात जावं लागे. दोन आठवड्यांत हरभऱ्याचे चार वाफे साफ झाले. शालिकराम घोंगडी घेऊन दोनदा उठला, दोनदा आवडाबाईनं दार अडवलं. तेव्हा सुचिताला माझी आठवण झाली. आरोळी टिपून घ्यायची, कार्डात भरायची आणि मला शेतात ठेवायचं.

ते टिपणं दुपारी अंगणात झालं. सुचितानं मोबाइल समोर धरला.

"बाबा, तुमी हळूच म्हना. मोठा हा करते," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

शालिकरामनं हळू आवाजात आरोळी म्हटली. सुचितानं ती माझ्यातून वाजवली, बटण पूर्ण फिरवून. आवाज मोठा झाला खरा, पण तो मोठा झालेला हळू आवाजच होता.

"हे त जेवाले बोलावून राह्यले रोह्यायले," गोपाल म्हणाला. सगळे हसले. शालिकरामही हसला.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. ताणलेल्या गळ्याचा आवाज वेगळाच असतो, तो बटणातून येत नाही, हे सुचिताच्या लक्षात आलं. मोबाइल खाली घेऊन ती म्हणाली की राहू द्या, दुसरं काही पाहू. शालिकराम म्हणाला, एकदा अजून. त्यानं हरभऱ्याच्या दिशेला तोंड केलं, छाती भरून घेतली आणि तीस वर्षं ठोकत होता तशी आरोळी ठोकली. लिंबावरचे कावळे उठले. पलीकडच्या शेतातून गोविंदसिंगनं भर दुपारी "ओ" दिला. मग शालिकराम सुचिताकडे वळला आणि ओशाळून म्हणाला, "झालं का वं? लय जोरात गेला काय?"

सुचितानं त्याचं मनगट धरलं. मिनिटाला शहाण्णव ठोके. दहा मिनिटांनी ब्याऐंशी. तेव्हा कुठे तिनं हात सोडला.

आरोळी आणि ते शेवटचं बोलणं मिळून एकोणीस सेकंद झाले. बोलणं कापायला हवं होतं, पण रोह्यांना त्यानं काय फरक पडणार म्हणून तिनं ते राहू दिलं. पुढे नऊ मिनिटांची शांतता जोडली आणि ते सगळं पुन्हापुन्हा वाजेल असं केलं. अंधार पडला की दिवा लावणारा एक स्विच तिनं शाळेत दाखवायला बनवला होता, तो माझ्या माथ्यावर बसवला. दिवसा चार्ज व्हायला सौर पाटी लावली. शेताच्या पार टोकाला, एका खांबाच्या बुडाशी विटेवर मला ठेवलं आणि दवापासून आडोसा म्हणून वर प्लास्टिकचं घमेलं पालथं बांधलं.

पहिल्या सकाळी ती शाळेतला तीस मीटरचा टेप घेऊन आली. काळ्या मातीत खूर स्पष्ट उमटतो. कळप धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधापर्यंत, येऊन परत फिरला होता. सर्वांत जवळचा खूर माझ्यापासून चौऱ्याण्णव मीटर. वहीत तसं लिहिलं. तीच वही, जिच्यात पूर्वी माझे वाजण्याचे तास असायचे.

माझं कौतुक झालं. माणसं मला बघायला आली. गोविंदसिंग घमेल्याखाली वाकून म्हणाला, "शालिकराम, तू त बारा बारा घंटे ड्युटी करून राह्यला बा. सुट्टी घेत जाय एखांद्या दिवशी."

संध्याकाळी शालिकराम अंगणात खाटेवर बसून स्वतःची आरोळी ऐकायचा. ती संपली की शेवटचं वाक्य तो तिथूनच, हळू, माझ्याबरोबर म्हणायचा. त्याला गंमत वाटायची.

पंधराव्या दिवशी अंतर अठ्ठ्याऐंशी मीटर होतं. सत्ताविसाव्या दिवशी एक्काहत्तर. सुचितानं आकडे लिहिले आणि त्यांकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण त्या आठवड्यात शालिकरामला पुन्हा दवाखान्यात हलवावं लागलं. एकोणीस जानेवारीला तो गेला.

दुपारी माणसं त्याला घेऊन गेली आणि दिवस कलता परत आली. आंघोळी झाल्या. अंगणात पंचवीस-तीस माणसं खाली माना घालून बसली होती. मित्रांनो, माझ्या माथ्यावरच्या स्विचला फक्त अंधार कळतो. मळ्यात काय झालं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला थांबवायला त्या दिवशी कोणाला सुचलं नव्हतं. अंधार पडला आणि मी शालिकरामची आरोळी ठोकली.

अंगणात एकही माणूस हलला नाही. गोविंदसिंगनं सवयीनं "ओ" द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग शेताच्या टोकाकडून ते शेवटचं वाक्य आलं. झालं का वं? लय जोरात गेला काय? गोपाल उठला आणि माझ्याकडे निघाला. तो मला बंद करणार होता.

"राहू दे त्याले," आवडाबाई म्हणाली. दिवसभरात ती तेवढंच बोलली.

त्यानंतर रोज दिवस मावळला की ती माझ्याजवळ येऊ लागली. पोत्याची घडी टाकून बांधावर बसायची. दोन वेळा, कधी तीन वेळा आरोळी ऐकायची. "झालं का वं?" आलं की "झालं" म्हणायची, पोतं झटकायची आणि घरी जायची. रोज. तिचं बोलणं मला टिपून ठेवता येत नव्हतं. माझ्यात टिपायची सोय नसते, फक्त वाजायची असते.

इकडे वहीतले आकडे उतरत होते. बावन्न. चाळीस. खूर आता धुऱ्याच्या बरेच आत आले होते. असं का होतं हे सुचिताला माहीत होतं. केनवडच्या मुलांना तिनं गोगलगाय दाखवली होती. पाटीवर टिचकी मारली की ती अंग आत घेते. दुसऱ्यांदा घेते, तिसऱ्यांदा घेते. आठव्यांदा ती चालत राहते, कारण टिचकीमागून काहीच येत नाही हे तिला कळलेलं असतं. शालिकरामच्या आरोळीमागून गोफणीचा दगड यायचा, कंदिलाचा उजेड यायचा, शिवी देत स्वतः शालिकराम यायचा. माझ्या आरोळीमागून नऊ मिनिटं काहीच येत नव्हतं, आणि ते अगदी वेळेवर येत नव्हतं.

गोपालनं सरळ उपाय सांगितला. आवाज बदल. कुत्र्याचा टाक, फटाक्याचा टाक, दर आठवड्याला नवा. त्याचं खरं होतं. सुचितानं जुना आवाज मोबाइलमध्ये आणि आणखी दोन ठिकाणी उतरवून ठेवला होता, म्हणजे तो हरवायची भीती नव्हती. जेवताना गोपालनं ही गोष्ट काढली.

"कुत्रं काहून?" आवडाबाई म्हणाली. "मालक ओरडून राह्यला न वावरात. त्याईच्या आवाजानं तीस वर्सं राखलं हे. एक रोही आत नाई आला."

सुचितानं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला होता. आईला आता एवढंच उरलं होतं की माणूस गेला तरी त्याचा आवाज शेत राखतो आहे. सुचिताजवळ वहीत दुसरंच लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक काम सुरू केलं. उजाडताच ती यायची, टेपनं अंतर मोजायची, वहीत लिहायची आणि मग तुराटीच्या फाट्यानं, तुरीच्या वाळक्या फांदीनं, सगळे खूर पुसून टाकायची. माझ्याभोवतीची माती झाडून सपाट व्हायची. जिथे हरभरा खाल्लेला असे तिथली उरलेली बुडखं ती उपटून घ्यायची आणि आईला सांगायची की घाट्यांच्या पेंड्या बांधायला आम्हीच उपटलं. आकडे खरे लिहायची आणि खूर पुसायची. वर्गात एका मुलानं मोजून आलेलं उत्तर खोडून पुस्तकातलं लिहिलं म्हणून हीच सुचिता एकदा तासभर त्याच्याशी बोलत बसली होती.

सव्वीस मीटर. सतरा. अकरा.

या दिवसांत माझं काय झालं तेही सांगायला हवं. घमेल्याला चीर गेली आणि दव माझ्या जाळीत उतरू लागलं. गिटारची वायर जिथे बसते त्या भोकात गंज चढला. शाळांत माझ्याऐवजी आता एक उसना स्पीकर जातो. गिटार खुंटीवर आहे आणि तिच्या दोन तारा तुटल्या आहेत. शालिकरामचा आवाजही माझ्यातून पूर्वीसारखा निघत नाही, कडेला फाटतो. आवडाबाई म्हणे की थंडीनं घसा बसला असंल.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं यंत्र असेल तर त्याला दवात ठेवू नका. महिन्यातून एकदा तरी चार्ज करा. गंज दिसला तर लगेच पुसा. आणि एक विनंती. आम्हाला आमचं काम सांगा, माणसाचं काम सांगू नका. जे आहे ते मोठं करणं मला येतं. जे नाही ते आणणं मला येत नाही, आणि आणता न येणारी गोष्ट रात्रभर ओरडत राहणं फार जड असतं.

सोळा फेब्रुवारीला पूर्वेकडे नुकतं फटफटत होतं. स्विचला अजून अंधार वाटत होता, म्हणून माझी एक आरोळी बाकी होती. मी ती ठोकली. माझ्यासमोर एक रोही चरत होता. त्यानं मान वर केली नाही. कान मात्र एकदा हलवला, माशी बसल्यासारखा. मग चावत चावतच तो पुढे आला आणि "झालं का वं?" चालू असताना त्यानं माझ्या जाळीला नाक लावलं. नाक ओलं होतं. जाळीवर हरभऱ्याचा हिरवा चिकट रस राहिला. उजेड झाला, मी थांबलो आणि कळप हळूहळू, न पळता, धुऱ्याकडे गेला.

त्या दिवशी सुचिताला उठायला उशीर झाला. हातात तुराटीचा फाटा आणि काखेत वही घेऊन ती धावत आली, तेव्हा आवडाबाई आधीच माझ्यासमोर उकिडवी बसलेली होती. ती जाळीवरचा हिरवा रस बघत होती. मग तिनं खालचे खूर बघितले, मग खाल्लेली रांग, आणि मग मागे वळून पोरीच्या हातातला फाटा बघितला.

"माय, हे आजच—" सुचिता म्हणाली.

"रोज झाडतं तू?"

सुचितानं मान हलवली. तिनं फाटा खाली टेकवला, सवयीनं किंवा दुसरं काही सुचेना म्हणून, आणि पहिल्या खुरावर ओढायला लागली.

आवडाबाईनं तिचं मनगट धरलं.

"पुसू नोको," ती म्हणाली. "मोज."

तिनं स्वतः टेपचं टोक घेतलं आणि माझ्या जाळीला लावून धरलं. बोट हलू नये म्हणून दुसरा हात त्यावर दाबला. सुचितानं टेप ताणला, खुराच्या पुढच्या टोकाशी नेला, दोनदा वाचला आणि वहीत लिहिलं.

एकतीस सेंटिमीटर.